भिडेखातर घातलेल्या ओळी

एखादी वस्तू विकायची असली तर एका गिऱ्हाइकाची मनधरणी करावी लागते. फुकट वाटायची असली तर अख्ख्या गावाची. हे मला गेल्या श्रावणात कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

आमचं गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठाला. गावची सहकारी पाणीपुरवठा संस्था नदीतून पाणी उचलते आणि शिवारभर फिरवते. कुणाच्या उसाला कधी आणि किती वेळ पाणी, हे पूर्वी पाटकरी ठरवायचा. पाटकरी म्हणजे काही पाण्याचा मालक नव्हे, नुसता पाटाची दारं उघडणारा माणूस. पण त्याला चहा पाजल्याशिवाय दार उघडत नसे. शेवटचा पाटकरी थकला, त्या उन्हातान्हाच्या नोकरीवर दुसरा कोणी यायला तयार होईना, तेव्हा संस्थेनं मला धरलं. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. गावाच्या मते मी दिवसभर रिकामी असते.

मी संस्थेला एक प्रोग्राम लिहून दिला. प्रत्येकाच्या जमिनीचा गट नंबर, क्षेत्र आणि पीक भरलं की तो पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता काढतो. त्याचं नाव मी 'पाटकरी'च ठेवलं. हा पाटकरी चहा पीत नाही, अशी चारचौघांत फुशारकीही मारली.

चहा पीत नव्हता हे खरं, पण भीड काही त्याला सुटली नाही, कारण ती मला सुटत नव्हती. एक दिवस संस्थेचे चेअरमन वीरधवलदादा घरी आले. आईनं केलेल्या शिऱ्याचं तोंडभर कौतुक करून म्हणाले, "क्रांती, माझा मळा पडला चढाला. पाणी चढंस्तवर निम्मी पाळी संपती बग. वाईच येळ वाडवून दे की." घरी येऊन, शिरा खाऊन मागणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी प्रोग्रामात एक ओळ घातली: चेअरमनसाहेबांच्या गट नंबरला दर पाळीला जादा वेळ. मग सरपंचबाईंचे दीर रविराज आले. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मोटर बंद असते, तर दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी आपली असावी, एवढीच त्यांची मागणी. त्यांचीही ओळ घातली.

आणि एक ओळ घरातली. माझे वडील, सुभेदार आकाराम, फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आम्ही त्यांना आबा म्हणतो. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, त्यामुळे रात्री बॅटरी घेऊन पाण्यावर जायची पाळी प्रत्येकावर येते. एकदा जेवताना ताटाकडे बघतच आबा म्हणाले, "मला रातची पाळी नगं. का म्हनून इचारू नगं, आनि कुनाला सांगू बी नगं." आबांना कारण विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. मी ओळ घातली. गावाला ती कळलीच, पण सुभेदाराचा मान म्हणून कोणी काही बोललं नाही.

भीड भिकेची बहीण, असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. भिंतीवर ठीक आहे. गावात राहून ते पाळून दाखवा.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला एक सोय असते. ओळीच्या शेजारी आपल्यापुरती टीप लिहून ठेवता येते. यंत्र ती वाचत नाही, उघडून बघणाऱ्या माणसाला तेवढी दिसते. संताप कुठेतरी ओकायला हवा म्हणून मी तिथं लिहीत गेले. चेअरमनच्या ओळीशेजारी लिहिलं: 'मळा चढाला आहे म्हणे. जाऊन बघितला. सपाट आहे.' रविराजांच्या शेजारी: 'सरपंचबाईंचे दीर. कारण विचारू नये.' आणि तिसरीच्या शेजारी नुसतंच: 'आबा. रात्रपाळी नाही.'

हे सगळं गावातल्या गावात राहिलं असतं, पण आषाढ संपता संपता बिराप्पाचा फोन आला. बिराप्पा माझा सांगलीच्या कॉलेजातला वर्गमित्र, जत तालुक्यातला. वारणा-कृष्णेला पूर आला की आमच्याकडे पाणी घरात शिरतं, आणि तिकडं पिकं वाळत असतात. म्हणून ते जादा पाणी पंपांनी उचलून कालव्यानं त्यांच्या दुष्काळी गावांकडे सोडतात. बिराप्पाच्या गावाला ते पाणी पहिल्यांदाच येणार होतं. तिथं नवी पाणीवापर संस्था झाली होती आणि बिराप्पा तिचा सेक्रेटरी होता.

"क्रांती, तुजा त्यो पाटकरी मला पायजे," तो म्हणाला. "हितं वरच्या अंगाला अर्जुनाची भावकी हाय, दांडगी मानसं. पाणी सुटलं की आडवून बसतील. शेवटाला हायत ती बिचारी बगतच ऱ्हातील. मी सगळ्यांस्नी सांगून बसलोय, तक्ता मशीन काडंल, मानसाचा हात लागायचा न्हाई."

"आत्ता पाठवते की."

"तसा नगं गं. गुपचूप मागवला तर अर्जुना म्हनंल, मीच घरात बसून केला. त्यो समद्यांच्या म्होरं उतरवून घ्यायचा हाय मला, जगाला खुला आसलेला. माजी आई तिथं शेवटच्या टोकाला हाय. लोक पयला संशेव माज्यावरच घेनार."

त्याचं खरं होतं. आणि मलाही वाटलं, एकट्या बिराप्पाला कशाला, सगळ्याच गावांना देऊ. प्रोग्राम खुला करायचा म्हणजे तो नुसता फुकट द्यायचा नव्हे. त्यातली ओळन् ओळ कुणालाही वाचता यावी, बदलता यावी, पुढं देता यावी, अशी इंटरनेटवर मांडायची. मी कामाला लागले. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसा प्रोग्राम आवरला. गावातल्या लोकांची नावं आणि फोन नंबर काढले. भिडेच्या तिन्ही ओळी काढल्या. प्रोग्राम उघडताच वीरधवलदादांचा हात जोडलेला फोटो यायचा, तो काढला. साध्या मराठीत सूचना लिहिल्या, दोन-तीन गावांची खोटी माहिती भरून तपासणी केली आणि सगळं एका नव्या फोल्डरात ठेवलं. मला वाटलं, झालं काम.

काम कुठलं व्हायला? प्रोग्राम संस्थेसाठी लिहिलेला, संस्थेच्या कामाचा. तेव्हा संस्थेचा ठराव हवा. म्हणून मीटिंग बसली.

"फुकट?" वीरधवलदादा म्हणाले. "आगं, फुकट दिल्यावर किंमत ऱ्हाती व्हय कशाची?"

"दादा, देऊन आपलं काही कमी होत नाही. आपला आपल्याकडे राहतोच."

"मग दिला कसा म्हनायचा?"

रविराजांना वेगळीच काळजी. "समद्यांनी आतलं वाचलं तर कुनी बी गडबड करंल की."

"सगळ्यांना दिसतं म्हणूनच गडबड करता येत नाही."

"गावात काय दिसत न्हाई सांग," रविराज म्हणाले. "तरी बी व्हतीयाच की गडबड."

मी परवाना वाचून दाखवला. कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. काही बिघडलं तर लिहिणाऱ्याची आणि संस्थेची जबाबदारी नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून वीरधवलदादा खुर्चीत सरळ झाले. "ही वळ लय भारी हाय. ही आपल्या समद्या ठरावांत घाला." त्या एका वाक्यावर ठराव मंजूर झाला. मी उठणार तेवढ्यात ते म्हणाले, "आता लोकार्पण कवा करायचं?"

"कशाचं?"

"ह्येचंच. असं गुपचूप बटन दाबून जगाला देत्यात व्हय? कार्यक्रम पायजे. नागपंचमीला पुढारी मंडळी शिराळ्याला येत्यातच. जाता जाता आपल्याकडं वळवू."

मी डोक्याला हात लावला. बिराप्पाकडे पाणी सुटायची तारीख जवळ आली होती, आणि इथं मांडववाल्याशी बोलणी चालली होती. नागपंचमी आली, शिराळ्यात जत्रेला माणसांचा पूर लोटला, पुढारी आले आणि आले तसे परस्पर गेले. मग शनिवार ठरला. तेव्हा फ्लेक्स आला नव्हता. मग बुधवार ठरला, तर एका मेंबरच्या घरी सुतक. बिराप्पाचा रोज फोन. "बाजरीनं माना टाकल्यात गं. तुमच्या गावाला काय, पाणी दारात हाय. बगत बसाय तुमचं काय जातंय?" मी त्याच्यावर ओरडायची आणि फोन ठेवून स्वतःवर.

एकदाचा कार्यक्रम झाला. संस्थेच्या आवारात मांडव, पाठीमागे फ्लेक्स. त्यावर वीरधवलदादा पुरुषभर उंच, त्यांच्या पायाशी 'पाटकरी' हे नाव, आणि सगळ्यात खाली, खताच्या दुकानाच्या जाहिरातीला चिकटून, माझं. लॅपटॉपवर साईराज बसला होता. साईराज चेअरमनचा पुतण्या. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, म्हणून गावात तो कॉम्प्युटरमधला जाणता. बटण चेअरमनच्या हातूनच दाबलं जायला हवं होतं, आणि ते दाबलं जात असताना मी दुसऱ्या टोकाला शाल अंगावर घेऊन, नारळ सांभाळत, फोटोसाठी हसत उभी होते. टाळ्या झाल्या. हलगी वाजली. पाटकरी जगाला मिळाला.

घरी येऊन मी वेबसाइट उघडली. डाउनलोड होत होता. पानाच्या माथ्यावर वीरधवलदादांचा हात जोडलेला फोटो होता. साईराजनं माझ्या फोल्डरात फोटो घुसवला, एवढंच मला वाटलं. चीड आली, पण इतक्या दिवसांच्या कटकटीनं जीव इतका विटला होता की म्हटलं, जाऊ दे, फोटोनं काय पाणी अडतंय?

बिराप्पानं त्याच दिवशी बिरोबाच्या देवळासमोर सगळ्या गावादेखत पाटकरी उतरवून घेतला. लोकांनी आपापले गट नंबर सांगितले, त्यानं भरले, तक्ता छापला आणि देवळाच्या भिंतीला चिकटवला. मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'झालं बग एकदाचं.' मला बरं वाटलं. ते बरं वाटणं एका रात्रीचं निघालं.

सकाळी त्याचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येईना.

"काय करून ठेवलंस हे? आईला जादा येळ दिलाय मशीननं. आईचं आनि अर्जुनाचं रान तेवढंच, दोगांची बी बाजरीच. मग तिला मोटी पाळी कशी काय? लोक म्हनायलेत, बिराप्पानं मशीनला चारलंय. आत्ता देवळात बैठक बसायलीय, मला सेक्रेटरीवरनं काडायला. आनि अर्जुना म्हनतोय, ह्यो तक्ता फाडा, पाणी आमचं आमी वाटून घेतो."

"तुझ्या आईचा गट नंबर काय?"

त्यानं सांगितला.  गट नंबर प्रत्येक गावात एकपासूनच सुरू होतात. आमच्या गावात तो नंबर वीरधवलदादांच्या मळ्याचा होता.

मी तशीच संस्थेच्या ऑफिसात गेले. आबा सकाळचा पेपर वाचायला तिथंच येऊन बसलेले असतात. वीरधवलदादा होते, साईराजही होता.

"साईराज, तू कुठलं फोल्डर चढवलंस?"

"हापिसातल्या मशीनवरचं," तो म्हणाला. "तुज्या फोल्डरात काकांचा फोटोच नव्हता. ऐन टायमाला बगितलं. मग फोटो आसलेलं टाकलं."

म्हणजे माझा आवरलेला, तपासलेला प्रोग्राम गेलाच नव्हता. गेला होता तो आमचा रोजचा, भिडेच्या तिन्ही ओळींसकट, टिपांसकट. आणि चेअरमनची सवलत इथून कितीतरी तालुके ओलांडून बिराप्पाच्या आईच्या बाजरीवर जाऊन बसली होती. एका फोटोपायी. माझा संताप संताप झाला. साईराजला माझा चेहरा बघून काहीतरी कळलं असावं. तो लॅपटॉप ओढून म्हणाला, "त्यात काय एवडं? आत्ता तुजं फोल्डर टाकतो, जुनं उडवतो. कुनाला पत्ता बी लागायचा न्हाई."

"हात लावू नकोस!" मी ओरडले. आबांनी पेपर खाली घेतला.

"जुनं उडवलंस तर बिराप्पा मेला," मी म्हणाले. "त्याच्या आईला जादा वेळ त्यानं दिलेला नाही, आपण दिलाय. ह्याचा पुरावा म्हणजे ती ओळ. ती गेली की तक्ता त्यानंच फिरवला असं होईल."

वीरधवलदादांनी घसा खाकरला. "पोरी, उगं ताणू नगं. तांत्रिक बिगाड झाला म्हन, मिटलं. आनि आपण लिवलंयच की, काय बिगडलं तर आपली जबाबदारी न्हाई. तूच वाचून दावलंस न्हवं?"

मी लिहिलेलं वाक्य, माझ्याच तोंडावर. उत्तर द्यायच्या आधी बिराप्पाचा पुन्हा फोन आला. मी स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला. तिकडून गलका ऐकू येत होता, आणि त्यात एका म्हातारीचा आवाज: "मला जादा पाणी नगं बाबांनो. पर माज्या लेकाला चोर म्हनू नगा." ती बिराप्पाची आई, हरणाबाई.

"क्रांती, बोल," बिराप्पा म्हणाला. "समदी ऐकायलेत."

वीरधवलदादांनी ओठावर बोट ठेवलं. शिरा खाऊन गेलेला हा माणूस. उद्याही ह्याच रस्त्यावर भेटणार. मला भीड पडली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणालाही पडली. पण तिकडं ती म्हातारी अजून बोलत होती.

"जादा वेळ बिराप्पानं दिलेला नाही," मी म्हणाले. "तो आमच्या गावच्या चेअरमनचा आहे. चुकीचा प्रोग्राम बाहेर गेला. आमच्या चेअरमनच्या मळ्याचा नंबर आणि हरणाबाईंच्या रानाचा नंबर एकच निघाला."

"आसं व्हय!" एक जाड आवाज आला. तो अर्जुना, हे न सांगताही कळलं. "दोस्ताला वाचवाय बरी गोष्ट रचलीस. आमी कसं खरं मानायचं?"

"मानू नका. प्रोग्राम खुला आहे. तुमच्यातल्या कुणीही मोबाईलवर उघडा आणि तुमच्या डोळ्यांनी वाचा."

कुठं बघायचं ते मी सांगितलं. थोडा वेळ नुसती कुजबुज ऐकू आली. मग कुणीतरी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आधी चेअरमनचा गट नंबर. मग शेजारची टीप. "मळा चढाला आहे म्हणे. जाऊन बघितला. सपाट आहे."

देवळात असं हसू उसळलं की टेबलावरचा फोन थरथरला. इकडं वीरधवलदादा छताच्या पंख्याकडे बघत होते. पुढची टीप वाचली, सरपंचबाईंचे दीर, आणि पुन्हा हशा. कुणी तरी म्हणालं, "ह्येंचं गाव बी आपल्यासारकंच की रं!" बिराप्पाही हसत होता. त्याचं हसणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

मग वाचणाऱ्यानं तिसरी वाचली. "आबा. रात्रपाळी नाही." आणि विचारलं, "ह्यो आबा कोन?"

 आबा माझ्या समोरच्या खुर्चीत होते. कुणाला सांगू नको, हे त्यांनी मला सांगितलेलं, आणि मी ते इंटरनेटवर मांडून, वर लोकांना उघडून वाचा म्हणाले होते. वीरधवलदादा पंख्यावरची नजर काढून माझ्याकडे बघू लागले. आता बघू म्हणावं, असा चेहरा.

आबा उठले, टेबलाशी आले आणि फोनकडे वाकून, परेडवर बोलावं तसं मोठ्यानं बोलले.

"म्या. सुभेदार आकाराम. ती वळ माजी. मीच पोरीला घालाय लावली."

"सुभेदारानं रातच्याला भ्यायचं व्हय?" अर्जुनानं विचारलं. पुन्हा थोडं हसू.

"मला रातचं दिसत न्हाई," आबा म्हणाले. "दोन सालं झाली. मागं पाटात पडलो, पावसानं पाय घसरला म्हनून घरात सांगितलं. सीमेवर रात रात पहारा केला, आता सोताच्या बांदावर सोताचा पाय दिसत न्हाई. ह्ये कुनाला सांगायचं? लाज वाटली. म्हनून सवलत घेतली आनि गप ऱ्हायलो."

हसू थांबलं. मी आबांकडे बघत होते. पाय घसरला ती गोष्ट मला आठवत होती. त्या दिवशी पाऊस नव्हता, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. आम्ही एका घरात राहतो, एका पातेल्यातलं खातो, आणि मी त्यांची ओळ घातली, पण कारण विचारलं नाही. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

 मग अर्जुना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सुभेदार. बसा. तक्ता फाडाय नगं रं कुनी. जादा येळ तेवडा काडा आनि नवा लावा." आणि त्याच्या मागून हरणाबाईचा आवाज आला, "आगं ये बाई, ती चेरमनची वळ काड. पर त्या आबाची काडू नगं. आमच्यात बी हायत की रातचं न दिसनारी. त्या समद्यांस्नी लाव."

मी तिथंच, संस्थेच्या टेबलावर, माझं आवरलेलं फोल्डर उघडलं. त्यात एक नियम घातला: ज्याला रात्री दिसत नाही, त्याला रात्रपाळी नाही. गाव कुठलंही असो, गट कुठलाही असो. कुणाला लागू आहे ते प्रत्येक गावानं आपल्या बैठकीत ठरवून नाव नोंदवायचं. नवा पाटकरी वेबसाइटवर गेला, बिनफोटोचा. जुनाही मी लोकांचे फोन नंबर तेवढे काढून तिथंच ठेवला, टिपांसकट, बिराप्पाचा साक्षीदार म्हणून. वीरधवलदादांनी मला अडवलं नाही. मात्र महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि शिरा खायलाही आले नाहीत.

बिराप्पाच्या गावात पाणी सुटलं आणि शेवटच्या टोकापर्यंत गेलं. हरणाबाईच्या बाजरीत पाणी उभं असलेला फोटो त्यानं पाठवला. फोटोत ती चिखलात उभी होती आणि पाण्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे रागानं बघत होती, लवकर काढ म्हणून.

आमच्या गावातही नवाच पाटकरी बसवावा लागला, कारण जुन्यातल्या टिपा तोवर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरल्या होत्या. भिडेच्या ओळी गेल्या. मला वाटलं, आता तरी सुखानं बसेन. तर पुढच्या आठवड्यात निम्म्या गावाची रात्रीची नजर गेली. धडधाकट गडी, रात्री गाडी हाणत शिराळ्याहून येणारे, ऑफिसात येऊन डोळे चोळायला लागले. बैठकीत कुणी कुणाला नाही म्हणेना. उद्या आपल्यालाही यायचंय ना इथंच. मी एकटीनं भांडून भांडून घसा कोरडा केला. सगळ्या जगाला नियम लिहून देता येतो, पण आपल्या गावातली भीड कशी काढायची, ते कुठल्या वेबसाइटवर मिळतं?

आबांना मात्र मी सोडलं नाही. एकदा सगळ्या जगाला सांगून झाल्यावर डॉक्टरला सांगायला कसली लाज, म्हणून त्यांना मिरजेला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, इतके दिवस काय करत होता? दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी सुटल्यावर काही दिवस आबा अंधार पडला की अंगणात जाऊन उभे राहायचे आणि परत आत यायचे. एका सकाळी हिरवा चष्मा काढून माझ्या टेबलाशी आले.

"माजं नाव काड त्यातनं," म्हणाले. "दिसतंय मला आता."

मी रात्री न दिसणाऱ्यांची यादी उघडली आणि त्यांचं नाव काढलं. अख्ख्या गावात नाव काढायला आलेला हा एकच माणूस. यादीत आता सगळ्यात वरचं नाव वीरधवलदादांचं आहे.